बाबा नऊ वर्षं बेपत्ता आहेत, आता कोर्टात जायचं का?

पत्र (थोडं कमी करून, गावाचं नाव काढून): "ताई, आम्ही जावळी तालुक्यातले. बाबा तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते. 2016 च्या मे महिन्यात गावच्या जत्रेला आले, चार दिवस राहिले, सकाळच्या एसटीने निघाले ते मुंबईला पोचलेच नाहीत. तेव्हा 52 वर्षांचे होते. त्याआधी वर्षभर गप्प गप्प असायचे, झोप नव्हती, दोनदा रस्ता चुकून भलतीकडेच गेले होते. मिसिंगची तक्रार गावच्या पोलीस स्टेशनला दिली, पण तिथले म्हणायचे मुंबईला विचारा आणि मुंबईचे म्हणायचे साताऱ्याला विचारा. आता दादा म्हणतो कोर्टातून मृत घोषित करून घेऊ, कारण सातबाऱ्यावर बाबांचंच नाव आहे, माथाडी बोर्डात फंड अडकलाय, चुलते सारखे सह्या मागतात. आई म्हणते तुम्ही जिवंत माणसाला मारताय, आणि जेवायची थांबते. एलआयसीचे हप्ते 2018 नंतर भरलेले नाहीत. आई एका देवऋष्याकडे जाते, तो म्हणतो बाबा पूर्वेला आहेत, पैसे घेतो. डिसेंबरात माझं लग्न ठरतंय, पत्रिकेत बाबांच्या नावाआधी काय लिहू? मला तर कळत नाही मी रडायचं की वाट बघायची."

अगं, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्याच्यातच अडकलंय. दोन्ही कर. रड पण आणि वाट पण बघ. यातलं एक काहीतरी निवडावं लागतं असं तुला कुणीतरी सांगितलंय, बहुतेक सगळ्यांनीच सांगितलंय, पण ते खरं नाहीये. अमेरिकेत पॉलिन बॉस म्हणून एक बाई आहेत, त्यांनी 1970 च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या घरच्यांचा अभ्यास केला आणि पुढे सगळं आयुष्य याच विषयावर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की ज्याचा मृतदेह नाही, तेरावं नाही, निरोप नाही, अशा दुःखाला शेवट कसा करायचा हे विचारणंच चुकीचं आहे, माणूस गेलाय आणि आहे या दोन्ही गोष्टी एकत्र मनात धरून जगायला शिकायचं असतं, आणि असं जगणारी माणसं वेडी नसतात, त्यांच्यावर आलेली परिस्थिती तशी असते. तुझी आई वेडी नाहीये. दादा पण दगड नाहीये.

आता कोर्टाचं. माझं स्पष्ट मत आहे की जावं. पण आधी काय होतं ते नीट समजून घे, म्हणजे आईला सांगता येईल.

कायदा काय म्हणतो, तर एखाद्या माणसाबद्दल ज्यांना सहज खबर लागली असती अशा लोकांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर तो जिवंत आहे असं जो म्हणेल त्यानेच ते सिद्ध करायचं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 108 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 111 आहे, मजकूर जवळजवळ तोच. तुमची सात वर्षं 2023 लाच झाली. पण हे आपोआप होत नाही हं, म्हणजे सात वर्षं झाली म्हणून ग्रामपंचायत दाखला देईल असं नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावून जाहीर करून घ्यावं लागतं आणि मग त्या हुकूमनाम्यावर मृत्यूची नोंद होते. आणि मुख्य गोष्ट म्हणजे हे गृहीत आहे, गृहीतक. कोर्ट असं म्हणत नाही की आम्ही बघितलं हा माणूस मेला. कोर्ट म्हणतं की इतकी वर्षं कळलं नाही म्हणून कागदोपत्री तसं धरून चालू. उद्या बाबा दारात येऊन उभे राहिले तर कुठलाही कागद त्यांना मेलेलं ठरवू शकत नाही, ते गृहीत तिथेच खोटं ठरतं.

आईला पटवायला कायद्यापेक्षा जुनी एक गोष्ट सांगते. आपल्याकडे परागंदा माणसासाठी पालाशविधी आहे, पळसाच्या पानादेठांची आकृती करून तिचं दहन करतात, आणि त्याआधी बारा वर्षं वगैरे वाट बघायची असं सांगितलंय. पण त्याच धर्मशास्त्रात हेही लिहून ठेवलंय की विधी झाल्यावर तो माणूस परत आला तर काय करायचं. त्याचे जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करायचे, नव्याने जन्मला असं समजून घरात घ्यायचं, त्याच्या बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. म्हणजे ज्या लोकांनी हे लिहिलं त्यांना माहीत होतं की अशी माणसं कधी कधी येतात, आणि घरच्यांनी व्यवहार केला म्हणून दार बंद झालं असं त्यांनाही वाटत नव्हतं. हा विधी करा असं मी म्हणत नाही, त्यावर आईनेच ठरवावं, बारा वर्षं तर अजून झालीही नाहीत. पण तिला हे जरूर सांग.

दुसरं एक उदाहरण, ज्या वर्षी तुझे बाबा गेले त्याच वर्षीचं. 22 जुलै 2016 ला हवाई दलाचं एएन-32 विमान चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालं, आत 29 जण, आणि बंगालच्या उपसागरावर रडारवरून नाहीसं झालं. त्यात आपल्या पुण्याकडचा एक तरुण अधिकारी पण होता. जहाजं लावली, विमानं लावली, पाणबुडी लावली, आठवडेच्या आठवडे शोधलं, एक तुकडा मिळाला नाही. सप्टेंबरमध्ये घरच्यांना कळवलं की सगळे मृत मानण्यात येत आहेत. विचार कर, दोन महिन्यांत. पण शोध काही त्या कागदाने थांबला नाही, जानेवारी 2024 मध्ये चेन्नईपासून साधारण 310 किलोमीटरवर, 3,400 मीटर खोल समुद्राच्या तळाशी त्या विमानाच्या अवशेषांचे फोटो मिळाले, राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचं मानवरहित यान तिथे सोडलं होतं. साडेसात वर्षांनी. घरच्यांना पेन्शन वगैरे मिळायला जो कागद लागत होता तो आधी झाला, आणि काय झालं त्याचं उत्तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं, दोन्ही आपापल्या वाटेने चालू राहिलं. तुमच्याकडेही तसंच होऊ शकतं, दादाने दाव्याचं बघावं आणि शोधाचं काम तू हातात घे.

कारण खरं सांगू का, तुझं पत्र वाचून मला जास्त त्रास कशाचा झाला तर तुमचा शोध नीट झालेलाच नाहीये. दोन पोलीस स्टेशनांच्या मध्ये तो पडून राहिला. आणि तू लिहिलंयस की बाबांना झोप नव्हती, गप्प असायचे, रस्ता चुकायचे. ही फार महत्त्वाची गोष्ट आहे, तक्रारीत लिहिली होती का? नसेल तर आता लेखी पुरवणी जबाब दे. कारण भ्रमिष्टासारखा भटकणारा माणूस आणि रागाने घर सोडून गेलेला माणूस, यांना शोधायच्या जागा वेगळ्या असतात.

तर काय करायचं. पहिलं, गावच्या पोलीस स्टेशनला जा आणि मिसिंग रजिस्टरचा नोंद क्रमांक आणि तारीख लेखी घे. सापडेपर्यंत ती नोंद रजिस्टरवर असते, कुणी सांगितलं जुनं झालं तर ऐकू नको. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाक की या नोंदीवर आजपर्यंत काय काय तपास झाला, बिनतारी संदेश कुठल्या कुठल्या जिल्ह्यांना गेले, फोटो प्रसिद्ध केला का. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर काहीच आलं नाही किंवा "तपास लागला नाही" असं दोन ओळीत आलं तरी तो कागद तुझ्या उपयोगाचाच आहे, कोर्टात तोच लागणार आहे.

दुसरं अवघड आहे आणि ते आईला बरोबर न घेता करा, दादाला घेऊन जा. एसटीच्या वाटेवर म्हणजे सातारा, पुणे, लोणावळा, खोपोली, पनवेल, नवी मुंबई, आणि रेल्वे पोलीस. रेल्वे विसरू नको, कारण गोंधळलेला माणूस पुण्याला उतरून कुठल्याही गाडीत बसू शकतो. अनोळखी मृतदेह सापडला की अकस्मात मृत्यूची नोंद होते, फोटो, कपडे, अंगावरच्या खुणा, पंचनामा, सगळं कागदावर येतं. मे आणि जून 2016 च्या नोंदी बघायची परवानगी लेखी मागा. महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाईटवर पण बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह शोधता येतात, त्यापासून सुरू करा पण तेवढ्यावर थांबू नका, जुनं सगळं तिथे असेलच असं नाही. एखादी नोंद जुळतेय असं वाटलं तर डीएनए तपासणीची मागणी करा, तुझं किंवा दादाचं रक्त त्याला पुरतं. बाबांच्या अंगावर काही गोंदलेलं होतं का, जुना फ्रॅक्चर होता का, माथाडी लोकांच्या मानेखाली आणि पाठीवर ओझ्याचे घट्टे असतात, ते असं बारीक बारीक सगळं लिहून काढा. हे वाचताना तुझ्या पोटात गोळा येईल मला माहितीये. पण न बघता नऊ वर्षं काढलीत, त्यापेक्षा बघून काढलेला एक महिना सोसेल.

तिसरं, जिवंत असतील या बाजूने. आपल्याकडे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, चारही ठिकाणी फोटो, वर्णन आणि मिसिंग नोंद घेऊन अर्ज दे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात पोलिसांवर जबाबदारी टाकलीय की रस्त्यावर भटकणारा मानसिक आजारी माणूस दिसला तर त्याला संरक्षण द्यायचं आणि त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. चेंबूरचं भिक्षेकरी गृह बघ. आणि कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांचं श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन आहे, त्यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी, रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून आणतात, उपचार करतात आणि बरे झाले की घरी पोचवतात, कधी कधी दहा-पंधरा वर्षांनी, पार दुसऱ्या राज्यात. तिथे नक्की लिही. बाबांचं आधार काढलेलं होतं का तेही बघ. नागपुरात एका संस्थेत वाढलेला, नीट बोलू न शकणारा मुलगा होता, त्याचं आधार काढायला गेले तर मशीन सारखं नाकारत होतं, आणि मग कळलं की त्याच्या बोटांचे ठसे आधीच नोंदलेले आहेत, जबलपूरच्या एका घरात, तो मुलगा दहा वर्षांनी आईबापांकडे गेला. आधारवाले घरच्यांना परस्पर माहिती देणार नाहीत, पण संस्थांना सांगता येतं की अनोळखी माणसाचं आधार काढून बघा.

आणि घरातला तो जुना मोबाईल नंबर, बाबांना पाठ असलेला, तो रिचार्ज करत राहा.

खोटी आशा देत नाही मी. नऊ वर्षं फार झाली, आणि सापडण्यापेक्षा न सापडण्याचीच शक्यता जास्त आहे हे तुलाही कळतंय. पण अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस स्टेशनला राजेंद्र भोसले नावाचे सहायक उपनिरीक्षक होते, 2008 ते 2015 मध्ये त्यांच्या हद्दीतून 166 मुली हरवल्याची नोंद होती, त्यातल्या 165 सापडल्या, एक राहिली, जानेवारी 2013 ला शाळेत जाताना गेलेली सात वर्षांची. ते 2015 ला रिटायर झाले तरी तिचा फोटो जवळ ठेवून विचारपूस करत राहिले. ऑगस्ट 2022 ला ती मुलगी सापडली, तिच्या घरापासून किलोमीटरभराच्या आत. त्या मुलीची गोष्ट वेगळी, तुझ्या बाबांची वेगळी, तुलना करू नये. मला त्या माणसाचं चिकाटीने विचारत राहणं महत्त्वाचं वाटतं. तुमच्या पोलीस स्टेशनातही कुणीतरी असा निघू शकतो, पण त्याच्या टेबलावर फाईल परत ठेवावी लागेल आणि ती तूच ठेवू शकतेस.

देवऋष्याचं. त्याला एक रुपया देऊ नका. आईशी भांडून नाही, तिला काम देऊन. तिला दर आठवड्याला कुठेतरी जाऊन विचारायची गरज आहे, ती गरज खरी आहे, म्हणून ती जाते. तिला ठाण्याला ने, कर्जतला ने, तिथे विचारू दे. आणि पैसे उकळणं वाढलं, धाक दाखवला, तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तक्रार होऊ शकते. तसेच फोन येतील, "तुमचे वडील आमच्याकडे आहेत, गाडीखर्च पाठवा" असे. पैसे आधी नाही. फक्त बाबांनाच माहीत असेल असा एक प्रश्न घरात ठरवून ठेवा, तो विचारा, व्हिडिओ कॉल मागा आणि नंबर पोलिसांना द्या.

एलआयसीबद्दल वाईट बातमी आहे, लपवत नाही. 2004 मध्ये सुप्रीम कोर्टाने एलआयसीच्याच एका प्रकरणात सांगितलंय की सात वर्षांनी मृत्यू गृहीत धरला जातो, पण मृत्यूची तारीख गृहीत धरली जात नाही. म्हणजे माणूस बेपत्ता झाला त्याच दिवशी वारला असं धरून पैसे मागता येत नाहीत, आणि तोवर पॉलिसी चालू ठेवायची तर हप्ते भरत राहावे लागतात. तुमचे 2018 ला थांबले. पूर्ण रकमेची आशा कमी. पण लॅप्स म्हणजे सगळंच बुडालं असं नाही, तीन वर्षांपेक्षा जास्त हप्ते भरलेले असतील तर पेड-अप किंमत असते, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी झालेली रक्कम, शाखेत जाऊन लेखी विचार. आणि हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी अशी वेळ आली असेल तर कृपा करून हप्ते बंद करू नका. माथाडी बोर्डाचा फंड आणि ग्रॅच्युइटी मात्र कुठे जात नाही, बोर्डात बाबांचा नोंदणी क्रमांक देऊन वारसाला काय काय कागद लागतील याची यादी आत्ताच मागून घ्या.

चुलत्यांच्या सह्या. कशावरही सही नको. हक्कसोड पत्र तर नाहीच, आईने पण नाही आणि तू लग्न करून जातेयस म्हणून तू पण नाही. "नंतर बघू, आत्ता नुसती सही दे" हे वाक्य ऐकलं की उठून यायचं. कोर्टाचा हुकूम आला की मृत्यूची नोंद, मग तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज, मग फेरफार, या क्रमाने तुमची तिघांची नावं सातबाऱ्यावर लागतील. तोवर जमिनीचं काहीही ठरवायचं नाही.

वकिलाच्या खर्चाची काळजी करू नको. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, साताऱ्याला जिल्हा न्यायालयातच ऑफिस आहे, हेल्पलाईन 15100. जाताना मिसिंगच्या नोंदीची प्रत, पोलिसांचं उत्तर, माहिती अधिकाराचं उत्तर, रेशनकार्ड, बाबांचं बँक पासबुक ज्यात 2016 नंतर व्यवहार नाहीत, आणि पेपरात दिलेली जाहीर नोटीस असेल तर ती, असं सगळं घेऊन जा. नोटीस नसेल तर आता द्या, सातारा आणि मुंबई दोन्हीकडच्या पेपरात.

आणि आई. तिच्याकडून "माझे पती मयत आहेत" अशा कागदावर सही घेऊ नका, ना समजावून ना रडून. वकिलांना विचारा की दावा फक्त तुम्ही दोघा भावंडांनी लावला आणि आईला नावापुरतं प्रतिवादी केलं तर चालेल का. असं करता येतं, आणि मग ते वाक्य तिला स्वतःच्या तोंडाने म्हणायला लागत नाही. कोर्टात बोलावलं तर तिने जे खरं आहे तेवढंच सांगायचं, की ते गेले आणि नंतर मला काहीच कळलेलं नाही.

हुकूम आल्यावर तिच्या कुंकवाला, बांगड्यांना, मंगळसूत्राला कुणीही हात लावणार नाही हे आत्ताच दादाकडून वदवून घे, भावकीतल्या बायका येतील तेव्हा दारात दादाच उभा पाहिजे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठरावच केला की नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं हे गावात होणार नाही, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. जिथे नवरा डोळ्यासमोर गेलेला आहे तिथे हे ठरलंय, मग तुझ्या आईला कोण सांगणार? तिला वटपौर्णिमा करायची असेल तर करू दे, दरवर्षी करू दे.

पत्रिकेत "श्री." लिही. कोर्टाचा निकाल त्याआधी आला तरी "श्री." लिही, पत्रिका काही सरकारी कागद नाही. सासरच्यांना मात्र सगळं आधीच स्पष्ट सांग, मिसिंगची नोंद पण दाखव, म्हणजे मांडवात कुणी कुजबुजलं तरी त्यांना नवीन काही कळणार नाही. कन्यादानाला आई आणि दादा बसू देत, किंवा आई एकटी, तिला विचार. पोलिसांचं माहिती अधिकाराचं उत्तर आलं की मला त्याचा फोटो पाठव, त्यात पुढे काय विचारायचं ते आपण बघू.